खाशाबांची तालीम

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. उस्तादचा वस्ताद झाला, पहलवानचा पैलवान झाला. कुस्तीची निम्मी भाषा अशी फारसी-अरबीतून मराठीच्या घरी आली आणि इथलीच झाली. तुमसरला वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, अभ्यासाचा आणि कुस्तीचा काय संबंध? त्याचे उत्तर खाशाबा जाधवांच्या आयुष्यात आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील स्वतः पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तिथे गादीवर, परक्या नियमांनी लढावे लागले होते. तरी ते थांबले नाहीत, पुढची चार वर्षे मेहनत करीत राहिले.

१९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. ती पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी खाशाबांची लांबलेली लढत झाली. दमलेल्या अंगाने त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव यांच्यापुढे उभे केले गेले. दोन लढतींमधली हक्काची विश्रांती मागून घ्यायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. इशींना सुवर्ण, रशीद यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला ४४ वर्षे, म्हणजे १९९६ मध्ये लिएंडर पेस यांना टेनिसचे कांस्य मिळेपर्यंत, थांबावे लागले.

कराड स्टेशनावर बैलगाड्यांची रांग लागली, मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र आधी कुस्त्यांची मैदाने करून पैसे जमवले आणि गुरूचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. हयातीत ना अर्जुन, ना पद्म.

सरकारने उशीर केला, हे खरेच. पण सरकारच्या कितीतरी आधी एका मास्तराने आपला विद्यार्थी ओळखला होता. आपल्या मोहल्ल्यातही धावणारी, झुंजणारी मुले-मुली आहेत. कुणाचे बूट अडलेत, कुणाचे प्रवासभाडे. त्यासाठी घर गहाण ठेवावे लागत नाही. वेळेवर विचारपूस केली तरी पुष्कळ होते. तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ ज्याला कळले, तोच खरा उस्ताद.