शिडाच्या कोपऱ्याचा दोर

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाहीं. बालाघाटाच्या माथ्यावरून कितीहि दूर दृष्टि टाकली तरी ज्वारीचीं रानें दिसतील. डोलकाठी दिसावयाची नाहीं. तथापि शिडाच्या दोरांची विद्या समजावून घेण्यास येथल्या विहिरीवरची जुनी मोट फार उपयोगी पडते. मोटेला दोन दोर असत. जाड नाडा पाण्याचा सगळा भार वर ओढी. बारीक सोंदूर मोटेची सोंड सांभाळी व थारोळ्यांत पाणी केव्हां पडावयाचें तें ठरवी. भार एकाचा, नेम दुसऱ्याचा. होडीचेंहि असेंच आहे. एक दोर शीड डोलकाठीवर चढवितो. शिडाच्या खालच्या मागल्या कोपऱ्यास बांधलेला दुसरा दोर त्यानें वारा किती व कसा धरावा तें ठरवितो. मराठी आरमाराच्या इतिहासांत ह्या दुसऱ्या दोराचा वाटा मोठा आहे. त्याचें नांव मात्र क्वचितच ऐकूं येतें.

अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें आपल्या किनाऱ्यावरील गलबताचें वर्णन केलेलें आहे. फार तर ७० टनांचें हें हलकें जहाज. त्याला ४०-५० वल्हीं, लहान तोफा आणि दोन डोलकाठ्या. मोठ्या डोलकाठीवर एकच विशाल त्रिकोणी शीड असे व त्याचें टोंक डोलकाठीच्याहि वर जाई. युरोपीय जहाजांचीं चौकोनी शिडें पाठीवरच्या वाऱ्यास उत्तम. त्रिकोणी शीड वाऱ्याच्या बरेंच तोंडाशीं नेतां येई, आणि वारा पडला तर वल्हीं होतींच.

ह्याचें प्रत्यंतर १६७९ सालीं आलें. शिवाजीमहाराजांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर कोट बांधण्यास आरंभ केला. बेटावर मायनाक भंडारी व आरमारावर दौलतखान होता. १८ ऑक्टोबर रोजीं मराठी गलबतांनीं इंग्रजांचें ‘डव्ह’ हें जहाज धरून नेलें. केग्विनच्या ‘रिव्हेंज’ जहाजाच्या तोफांपुढें मात्र त्यांना मागें हटावें लागलें. तरीहि रात्रीं उथळ पाण्यांतून बेटावर रसद पोंचतच राहिली, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं खांदेरीचा नाद सोडला. तोफांच्या बळांत जी उणीव होती ती दोर व वल्हीं धरणाऱ्या हातांनीं भरून काढली.

त्या एकाच मोठ्या शिडाची एक अडचण होती. दिशा पालटतांना शीड ज्या लांब तिरप्या काठीला बांधलेलें असे, ती शिडासकट डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागे. त्यास पुष्कळ हात लागत. पुढील काळांतल्या कोंकणच्या फत्तेमारीवर नाळेच्याहि पुढें काढलेल्या काठीवर एक लहान त्रिकोणी शीड दिसतें. लहान नौकेवरील अशा पुढच्या शिडाला कोपऱ्याचे दोर दोन असतात, डोलकाठीच्या उजवीकडून एक व डावीकडून एक. नाळ वाऱ्यांतून फिरली कीं एक सोडावा व दुसरा ओढावा, काम झालें.

परंतु किती ओढावा, येथें विद्या आहे. दोर ढिला असला तर शिडाची पुढची कड फडफडते. फाजील ओढला तर नौका कलते आणि मंदावते. म्हणून जाणता खलाशी फडफड थांबेपर्यंतच ओढतो. दोर काठावरच्या ज्या कडींतून जातो तिची जागाहि नेमकी हवी. नौका हळूहळू वाऱ्याकडे वळवावी. शिडाची कड आधीं वरच्या बाजूस फडफडली तर कडी पुढें सरकवावी. आधीं खालीं फडफडली तर मागें न्यावी. सर्व कड एकदम थरथरली म्हणजे कडी जागेवर आहे असें समजावें.

हा नियम जुना झालेला नाहीं. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून ‘म्हादेई’ ह्या ५६ फुटी शिडाच्या नौकेंतून एकटे निघाले व चार बंदरांत थांबून मे २०१० मध्यें परतले. शिडाच्या नौकेनें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. ती नौका गोव्यांत दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली. अशा नौकेवर दोर ओढण्यास चक्र असतें. पण कोठें थांबावें हें चक्राला कळत नाहीं.

आपल्या इतिहासग्रंथांत सरदारांचीं नांवें आहेत, तोफांच्या याद्या आहेत. खांदेरीच्या अंधारांत ज्या कोळ्या-भंडाऱ्यांनीं दोर धरला त्यांचें ज्ञान कागदावर फारसें उतरलें नाहीं. तें बापाच्या हातून मुलाच्या हातीं गेलें. इंजिन आल्यावर किनाऱ्यावरचीं शिडें उतरलीं, जशी पंप आल्यावर आमच्या विहिरीवरची मोट उतरली. यंत्रें आलीं हें बरेंच झालें. बैलांचे व माणसांचे कष्ट वांचले. पण सोंदूर म्हणजे काय हें येथल्या मुलाला आतां सांगावें लागतें, आणि शिडाच्या दोराची तीच गत किनाऱ्यावर होत आहे. ज्या घरांत शीड हाताळलेला एखादा म्हातारा तांडेल अद्याप आहे, त्या घरांतील मुलांनीं वही घेऊन त्याच्यापाशीं बसावें. लढायांच्या तारखा दप्तरांत सांपडतील. दोर कोठवर ओढावयाचा हें त्याच्याच तोंडून लिहून घेतलें पाहिजे.