फिरंगी म्हणजे कोण?

‘फिरंगी’ हा शब्द कानावर पडला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. पण फिरंगी म्हणजे नेमका कोण, असे विचारून पाहा. एकजण म्हणेल इंग्रज, दुसरा म्हणेल कोणताही गोरा माणूस. आपल्या जुन्या मराठी कागदांतला फिरंगी मात्र बहुधा यांतला कुणीच नसतो. तो असतो पोर्तुगीज. मग हा शब्द इतका फिरला कसा?

युरोपात फ्रँक नावाचे लोक होते. फ्रान्स देशाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. पुढे १०९६ पासून धर्मयुद्धांच्या निमित्ताने ख्रिस्ती फौजा जेरुसलेमकडे निघाल्या. त्यांत नाना देशांचे लोक होते. पण अरबांच्या तोंडी सगळे सरसकट ‘फ्रंज’! फारसीत त्याचे ‘फरंगी’ झाले आणि आपल्याकडे ‘फिरंगी’. एका जमातीचे नाव असे अर्ध्या खंडाला चिकटले.

पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली. समुद्रमार्गाने आधी आले ते हेच, म्हणून फिरंगी हे नाव त्यांना पडले. वसईकडच्या त्यांच्या मुलखाला लोक ‘फिरंगाण’ म्हणू लागले. मागाहून बाकीचे आले. मराठी माणसाने त्यांची मात्र मोट बांधली नाही. इंग्रज तो इंग्रज, डच तो वलंदेज, फ्रेंच तो फरासीस, डेन्मार्कचा तो डिंगमार. आणि सगळे मिळून टोपीकर. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी या लोकांची अशी वेगवेगळी नावे घेतली आहेत. गंमत पाहा, फिरंगी आणि फरासीस हे दोन्ही शब्द मुळात त्या एका फ्रँकचेच. पण मराठीत त्यांची दोन घरे झाली. कारण सरळ आहे. परका दाराशी येऊन बसला, की त्याला नीट ओळखावे लागते. तह कुणाशी, वैर कुणाशी, तोफा कुणाकडून घ्यायच्या, हे कळल्याशिवाय राज्य चालत नाही.

माणसांवरून हे नाव वस्तूंवर गेले. युरोपातून आलेल्या लांब, सरळ पात्याला इकडची मूठ बसवली, की ती तलवार ‘फिरंग’. ती बाळगणे मानाचे असे. उलट सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात उपदंशासारख्या एका नव्या दुखण्याला ‘फिरंगरोग’ म्हटले आहे. फिरंग्यांच्या संसर्गाने ते आले, अशी समजूत. तिकडे युरोपात तरी निराळे काय चालले होते? इटलीतले लोक त्याच रोगाला फ्रेंचांचा रोग म्हणत, आणि फ्रेंच म्हणत नेपल्सचा! १९०५ मध्ये त्याचा जंतू जर्मनीत सापडला. त्या जंतूला कोणताच देश नव्हता.

इतर ठिकाणी या शब्दाने आणखी रूपे घेतली. उत्तर हिंदुस्थानात १८५७ च्या उठावात फिरंगी म्हणजे इंग्रज, आणि त्यात संताप भरलेला. बंगालीत फिरिंगी म्हणजे मिश्र वंशाचा माणूसही. थायलंडात ‘फरांग’ म्हणजे गोरा माणूस, आणि पेरूच्या फळालाही तोच शब्द. आज आपली मुले एखाद्या परदेशी पाहुण्याला पाहून ‘फिरंगी आला’ म्हणतात, त्यात राग नसतो. पण तो कुठला, हे जाणून घ्यायची गरजही कुणाला वाटत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. १७३९ ची चिमाजीअप्पांची वसईची मोहीम शिकवताना फिरंगी शब्द आला, की तिथे क्षणभर थांबा. मुलाने त्याचा अर्थ इंग्रज असा घेतला, तर लढाई कुणाशी झाली हेच चुकले. आणि गोव्यातली ज्यांची सत्ता १९६१ च्या डिसेंबरात संपली ते हेच लोक, हा धागाही तुटला. शब्द कुणी वापरला, कुठे वापरला आणि कोणत्या साली, एवढे तीन प्रश्न मुलांना विचारायला शिकवा. परक्याला दिलेल्या नावातून त्या परक्याची जेवढी माहिती मिळते, त्याहून अधिक आपली त्याच्याशी ओळख किती होती ते कळते. आपल्या पूर्वजांची ती ओळख बरीच चोख होती, हे मुलांच्या ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.