बुधवारांतील एक लहानसा रस्ता

पुण्यांत शनिवारवाड्याकडून दक्षिणेस चालूं लागलें म्हणजे बुधवार चौक लागतो आणि पुढें थोड्याच वेळांत बेलबाग चौक येतो. हा रस्ता आखूड खरा. परंतु राज्यें कशीं जातात आणि विद्या कशी रुजते, या दोन्ही गोष्टींची साक्ष त्याच्याजवळ आहे.

दक्षिण टोकाचा बेलबाग सर्वांत जुना. नाना फडणविसांनीं थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, इ. स. १७६५ ते १७६९ च्या सुमारास, हें विष्णूचें देवालय बांधविलें. पुढें दुसऱ्या बाजीरावानें १८१३ सालीं याच पेठेंत बुधवारवाडा उठविला. पण वाड्याचें नवेपण सरण्यापूर्वींच, १८१८ सालीं, पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि त्याच्या दिवाणखान्यांतून इंग्रजांच्या कचेऱ्या भरूं लागल्या. शेवटीं १३ मे १८७९ च्या रात्रीं हा वाडा जळून खाक झाला. त्याच रात्रीं विश्रामबागवाड्यालाहि आग लागली. तेव्हां वासुदेव बळवंत फडक्यांचें बंड चालू असल्यानें लोकांचा संशय प्रथम तिकडे गेला. परंतु पुढें शिक्षा झाली ती एका सरकारी नोकरास.

याच रस्त्यावर भिडे यांचा वाडा होता. तेथें ना कारंजीं होतीं, ना पहारे. तरीहि १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां तिला जागा मिळाली ती या गृहस्थाच्या घरीं. सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. लोकनिंदा इतकी झाली कीं, त्या उभयतांस वडिलांचें घर सोडावें लागलें. मात्र चार वर्षांनीं, नोव्हेंबर १८५२ मध्यें, सरकारनें जोतीरावांचा जाहीर सत्कार केला, तो विश्रामबागवाड्यांत! ज्या वाड्यांत बाजीराव राहिला, तेथें मुलींच्या शिक्षकाचा गौरव झाला.

भिडेवाडाहि आतां राहिला नाहीं. वर्षानुवर्षें तो मोडकळीस आला होता. दीर्घ वादानंतर डिसेंबर २०२३ मध्यें स्मारकासाठीं तो पाडण्यांत आला. राजाचा वाडा आगीनें नेला, गृहस्थाचा वाडा दुर्लक्षानें खाल्ला. परंतु पहिल्याची आठवण आज इतिहासाच्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे, आणि दुसऱ्याची प्रत्येक शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या पाटीदप्तरांत आहे. बेलबागेच्या दर्शनास जाणाऱ्यानें वाटेंत त्या जागेपाशीं क्षणभर थांबावें; बरोबर लेक-नात असल्यास तिला ही हकीकत सांगावी.