डीबीटू : मेनफ्रेमवरील डेटाबेसची देखभाल आणि ट्यूनिंग

आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर झेड-ओएस कार्यप्रणालीत चालणारी रिलेशनल डेटाबेस प्रणाली. मोठ्या बँका आणि विमा कंपन्या खाती, पॉलिसी आणि कार्डांचे व्यवहार तिच्यात ठेवतात. माहिती शाबूत आणि सतत उपलब्ध राखणे ही देखभाल. तेच उत्तर कमी पाने वाचून आणि प्रोसेसरचा कमी वेळ खर्चून मिळवणे हे ट्यूनिंग.

दुव्याने जोडलेल्या टेबलांची ही रिलेशनल रचना पुसद तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या कागदांत आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक आणि खाते क्रमांक असतात. आठ-अवर एका खात्याखालचे सगळे गट असतात. कागद दोन, दुवा एक : खाते क्रमांक. खातेदाराची गावातली सगळी जमीन पाहायची तर तलाठी आठ-अ उघडतो आणि त्यावरचे तेवढेच चार-पाच सातबारे काढतो. आठ-अ नसता तर गावचे सगळे सातबारे एकेक करून उलटावे लागले असते. डीबीटूमध्ये पहिल्या रीतीला इंडेक्स ॲक्सेस म्हणतात, दुसरीला टेबलस्पेस स्कॅन. ट्यूनिंगचे बरेचसे काम या एका फरकाभोवती फिरते.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतून रिलेशनल मॉडेल मांडले. तिथेच ‘सिस्टिम आर’ हा प्रयोग झाला आणि चेंबरलिन व बॉइस यांची भाषा १९७४ मध्ये पुढे आली. तीच आजची एसक्यूएल. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खर्चाचा अंदाज बांधून माहितीपर्यंत पोचण्याचा मार्ग निवडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जून १९८३ मध्ये डीबीटूची घोषणा झाली. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अमरावती विद्यापीठ ही दोन्हीही १९८३ चीच. आयबीएम मात्र १९७८ मध्येच भारतातून बाहेर पडली होती. ती परतली १९९२ मध्ये, टाटांबरोबर भागीदारी करून.

आपल्याला काय हवे तेवढे डीबीटूला सांगायचे. ते कुठून कसे आणायचे हे ऑप्टिमायझर ठरवतो. तो प्रत्यक्ष टेबल पाहत नाही, कॅटलॉगमधले आकडे पाहतो : ओळी किती, एखाद्या कॉलममध्ये वेगवेगळ्या किमती किती, ओळी इंडेक्सच्या क्रमाने लागलेल्या आहेत की विखुरल्या आहेत. हे आकडे रनस्टॅट्स ही युटिलिटी गोळा करते. पैसेवारीसारखेच हे आहे. पीक शेतात असते, पण निर्णय कागदावरच्या आकड्यावर होतो. तो पन्नास पैशांच्या खाली की वर यावर वर्षानुवर्षे दुष्काळी सवलती ठरत आल्या. आकडा चुकीच्या वेळी घेतला तर निर्णयही चुकतो. रोज रात्री रिकाम्या होणाऱ्या टेबलावर नेमके ते रिकामे असताना रनस्टॅट्स चालवले, की ऑप्टिमायझर टेबल लहानच आहे असे धरून चालतो. दिवसा त्यात लाखो ओळी आल्या की तोच प्रोग्राम तासन्‌तास रखडतो. माझ्या मते ट्यूनिंगची सुरुवात एसक्यूएल बदलण्यापासून करू नये; आधी आकडे खरे आहेत का ते पाहावे.

कोबॉल प्रोग्राममधल्या स्टॅटिक एसक्यूएलचा मार्ग बाइंड करतानाच, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधीच, ठरून जातो. म्हणून नुसते रनस्टॅट्स चालवून भागत नाही. रीबाइंड होईपर्यंत जुनाच मार्ग चालू राहतो. ठरलेला मार्ग एक्सप्लेन ही सोय सांगते आणि तो प्लॅन टेबलमध्ये उतरतो. तिथली एक ओळ वाचता आली तरी पुष्कळ कळते. ॲक्सेसटाइपखाली ‘आर’ असेल तर सगळे टेबल वाचले जाणार. ‘आय’ असेल तर इंडेक्समधून. पण ‘आय’ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. शेजारच्या मॅचकॉल्समध्ये शून्य असेल तर इंडेक्सही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो. आठ-अ हातात आहे, पण खाते क्रमांकच ठाऊक नाही, असा तो प्रकार. तारखेच्या कॉलमवर वर्ष काढण्याचे फंक्शन लावून तुलना केली तर आवृत्ती १० पर्यंत त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स उपयोगी पडत नसे. २०१३ च्या आवृत्ती ११ पासून डीबीटू अशा काही अटी स्वतःच बदलून घेतो.

वाचलेली पाने बफर पूलमध्ये, म्हणजे मेमरीत, राहतात. पाने ४, ८, १६ किंवा ३२ किलोबाइटची असतात. डीबीटूचा स्वतःचा कॅटलॉग प्रामुख्याने बीपी-झिरो या पूलमध्ये असतो, त्यामुळे आपली टेबले तिथे टाकू नयेत. पूलमधली गुंतलेली पाने ९० टक्क्यांवर गेली की पुढची पाने आधीच आणून ठेवणे थांबते. ९५ टक्क्यांना पानातली प्रत्येक ओळ वाचताना पान नव्याने मागितले जाते आणि प्रोसेसरचा खर्च एकदम चढतो. ९७.५ टक्क्यांना प्रत्येक बदल लगेच डिस्कवर लिहावा लागतो.

लॉकची भांडणे बहुतेकदा कमिट न करणाऱ्या, म्हणजे केलेले बदल वेळोवेळी पक्के न करणाऱ्या, बॅच जॉबमुळे होतात. उणे ९११ हा कोड आला की डेडलॉक किंवा टाइमआउट होऊन काम मागे फिरवले गेले असे समजावे. उणे ९१३ मध्ये मागे फिरवणे प्रोग्रामवर सोडलेले असते. विस्कटलेल्या ओळी रीऑर्ग पुन्हा क्रमाने लावते. लॉग न ठेवता लोड केले तर टेबलस्पेस सहसा कॉपी पेंडिंगमध्ये अडकते आणि इमेज कॉपी, म्हणजे तिची पूर्ण प्रत, घेतल्यावर मोकळी होते. रिकव्हरी ही इमेज कॉपी आणि लॉग या दोघांच्या आधाराने होत असल्याने इथे आळस परवडत नाही.

या कामाला पैशाचीही थेट बाजू आहे. मेनफ्रेमवरील सॉफ्टवेअरचे भाडे अनेक करारांत चार तासांच्या फिरत्या सरासरीच्या महिन्यातल्या सर्वोच्च आकड्यावर ठरते. गर्दीच्या वेळी रोज लाखो वेळा चालणारे एक एसक्यूएल सुधारले तर ती बचत बिलात दिसते.

पुसदच्या मुलाची या यंत्राशी गाठ पडते ती बहुधा पुण्यात हिंजवडीला किंवा मुंबईत नोकरी लागल्यावर, आणि तीही फक्त पडद्यावर. यंत्र असते अमेरिकेत किंवा युरोपात. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. तिथला रात्रीचा बॅच इथल्या कामाच्या वेळेत चालतो. उलट तिथे दिवसा व्यवहार अडकला की फोन इथे रात्री वाजतो. २००० सालच्या तारीख-दुरुस्तीच्या कामाने कोबॉल, जेसीएल आणि डीबीटू शिकलेल्या मराठी मुलांची एक पिढीच उभी राहिली. ती माणसे आता निवृत्तीकडे झुकली आहेत, पण प्रणाली निवृत्त झालेली नाही : तिची तेरावी आवृत्ती मे २०२२ मध्ये आली.

नव्याने या कामात येणाऱ्याने एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. रीबाइंड करताना प्लॅनमॅनेजमेंट एक्स्टेंडेड आहे ना, हे तपासावे. मग नवा मार्ग वाईट निघाला तरी रीबाइंडमध्ये ‘स्विच प्रीव्हियस’ देऊन आधीचा मार्ग परत आणता येतो.