प्रतिवादी गैरहजर

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो पन्नाशीकडे झुकला आहे, टेम्पो चालवतो. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "सर, हे जरा बघा ना." कागद दिवाणी न्यायालयाचा होता. टेम्पोच्या कर्जाचे हप्ते थकले म्हणून दावा लागला होता आणि समन्स हातात पडून बारा दिवस होऊन गेले होते.

"तारखेला जाणार ना?" मी विचारले.

"जाऊन काय सांगू, सर? पैसे तर घेतलेच आहेत."

हे वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे. त्याच्याविषयीच आज लिहायचे आहे, पण आधी थोडा इतिहास. मास्तरकीची सवय, वाचकहो, चालवून घ्या.

चौतीस वर्षे मी मुलांना 'दख्खनचे दंगे' शिकवले. १२ मे १८७५, सुपे गावचा बाजार. (पुणे-सुपे जहागिरीतले सुपे ते हेच. तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आता बारामती तालुक्यात आहे.) त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून खाती आणि कर्जखते मागितली आणि त्यांची होळी केली. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतली तीसहून अधिक गावे पेटली, ९५१ माणसे पकडली गेली. मुले हे पाठ करत आणि मार्क मिळवत. पण जमाव कागदच का मागत होता, असे मला एकाही मुलाने विचारले नाही आणि मीही कधी नीट सांगितले नाही. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. राग त्या कागदावर होता, कारण कोर्टात फक्त कागद बोलत असे.

पेशवाईतही सावकार होते आणि तेही काही संत नव्हते. वसुलीसाठी ते ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत. पण भांडण गावात होई, पंच दोघांनाही ओळखत. इंग्रजी अमलात १८५५ साली व्याजदरावरची कायद्याची मर्यादा उठली. १८५९ साली दिवाणी दाव्यांची नवी संहिता आली आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदाही. कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरली. हा नियम ऋणकोच्या सोयीचा म्हणून केलेला, पण झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार जुने व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ कापसाला सोन्याचा भाव होता, तोवर कर्ज मागाल तितके मिळे. भाव पडले, सावकारांनी हात आखडले. सारा मात्र रोखीत आणि वेळेवरच भरायचा होता. मग खत लिही, अंगठा दे!

आणि मग दावा. कोर्ट तालुक्याला किंवा त्याहून लांब, जायचे म्हणजे कामाचे दोन दिवस बुडाले. तिथली भाषा वकिलांची. कित्येकदा समन्स पोहोचतच नसे, बेलिफाला हाताशी धरून बजावल्याची नोंद होई. कधी सावकारच म्हणे, "तू कशाला येतोस, मी सांभाळून घेतो." आणि पुष्कळजण स्वतःहूनच जात नसत, कारण अंगठा तर आपणच दिलेला आहे. निकाल एकतर्फी. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशननेही या एकतर्फी हुकूमनाम्यांवर बोट ठेवले. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांपोटी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला लावले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. सुप्याच्या आगीची ठिणगी ती.

१८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने सावकारी संपली नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतेच लिहून घ्यायला सुरुवात केली, ती वेगळीच कहाणी. पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यायाधीशाने खतावरचा आकडा डोळे मिटून मानायचा नाही. व्यवहार मुळापासून तपासायचा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढायचे आणि प्रतिवादीला साक्षीला बोलावून त्याचे ऐकायचे. दावाही शेतकरी राहतो तिथल्याच कोर्टात लावायचा. पैसे दिले तर पावती मिळण्याचा त्याला हक्क. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले. न्यायमूर्ती रानडे या कायद्याखालच्या कोर्टांच्या तपासणीसाठी गावोगाव फिरले आहेत.

आता माझ्या घरची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळाआधी वडिलांनी विहिरीच्या इंजिनासाठी एका व्यापाऱ्याकडून पैसे घेतले होते. दुष्काळात फेड थांबली. समन्स आले ते त्यांनी देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे ठेवले. मी तेव्हा शहरात खोली घेऊन बी.ए.च्या परीक्षेची तयारी करत होतो. मला कळवले नाही, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. एकतर्फी निकाल लागला. तो रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करता येतो, हे घरात कोणाला ठाऊक? दरखास्त आली, बेलिफ आला, तेव्हा मला पत्र आले. ओढ्याकाठचा दीड एकर विकून भरणा केला.

वडील गेल्यावर तसबिरी काढल्या तेव्हा समन्सच्या घडीत दोन पावत्या सापडल्या. दुष्काळापूर्वी भरलेल्या दोन हप्त्यांच्या, व्यापाऱ्याच्या सहीच्या. दाव्याच्या रकमेतून ते हप्ते वजा झालेच नव्हते. दाखवायला तिथे कोणी नव्हते. आईला विचारले तर म्हणाली, "ते म्हणायचे, पैसे तर घेतलेच आहेत, जाऊन काय सांगू?" आणि त्याच सुमारास मी परीक्षेत दख्खनच्या दंग्यांची कारणे लिहीत होतो.

विद्यार्थ्याला मी एवढेच विचारले, "घेतलेस किती आणि आजवर भरलेस किती?" त्याला सांगता येईना. त्याला घरी पिटाळून पावत्या आणि बँकेचे पासबुक आणायला लावले. रात्री नऊपर्यंत जेवणाच्या टेबलावर आम्ही ते तारीखवार लावले. दाव्यात धरलेले नाहीत असे चार हप्ते निघाले. दुसऱ्या दिवशी तो वकिलांकडे गेला. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते, त्यातले तेरा गेले होते. कैफियत वेळेत दाखल झाली. कर्ज आहेच आणि ते तो नाकारतही नाही, हप्ते बांधून मागितले आहेत.

पहिल्या तारखेला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. शिपायाने पुकारा केला तेव्हा तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटले, "हजर म्हण." तो वर्गात म्हणायचा तसाच म्हणाला, हात वर करून.