लाखोळी: दोष कुणाचा?

भंडाऱ्याचा इतिहास आपण तलावांपासून सांगतो. आज चुलीपासून बघू. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळीचं बी फेकायचं. ना नांगरट, ना वेगळं पाणी. हिवाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी, पुढे डाळ, बेसन, वडे. दुष्काळात मात्र महिनोन्‌महिने निव्वळ लाखोळीच खाल्ली की पाय लुळे पडत. म्हणून १९६१ साली केंद्राने विक्रीवर बंदी आणली. पण आमच्या घरांत ती भातासोबत शिजतच राहिली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकलं की विष बरंच उतरतं. कायद्याने दाणा दोषी धरला. आम्ही विचारतो, दोष एकट्या दाण्याचा, की ताटात दुसरं काहीच नसण्याचा? गरिबाच्या अन्नाचा इतिहास या प्रश्नापासून लिहायला हवा.