थंड पाण्याचा इतिहास : मॉन्टरेच्या किनाऱ्याविषयी

कॅलिफोर्नियातील मॉन्टरे हे गाव इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाला ठाऊक असते ते बहुधा जॉन स्टाइनबेकमुळे. त्याची 'कॅनरी रो' ही कादंबरी १९४५ साली प्रसिद्ध झाली. मासे डबाबंद करणारे कारखाने, धुके, ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांतून प्राणी गोळा करणारा डॉक, असा एक किनारा त्या कादंबरीने जगभरच्या वाचकांच्या मनात कायमचा उभा केला. पण हा किनारा ओहोटीच्या रेषेपाशी संपतो. त्या रेषेच्या खाली जे आहे त्याचाही एक इतिहास आहे आणि तो मुख्यतः पाण्याच्या तापमानाने घडवला आहे. पाण्यात कोण उतरू शकले, किती वेळ टिकू शकले आणि म्हणून काय पाहू शकले, हे तेथे त्या थंडीने ठरवले. तो इतिहास येथे थोडक्यात मांडायचा आहे.

मॉन्टरे उत्तर अक्षांशाच्या साधारण साडेछत्तीस अंशांवर आहे, म्हणजे जवळजवळ दक्षिण स्पेनच्या पातळीवर. केवळ नकाशा पाहणाऱ्याला तेथील समुद्र उबदार असावा असे वाटेल. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान वर्षभर साधारणतः १० ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. याचे कारण वाऱ्यात आहे. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धात किनाऱ्याला समांतर असे वायव्येचे वारे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते, आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. शिवाय या उपसागराच्या मधोमध, मॉस लँडिंगच्या धक्क्यापासून अगदी जवळ सुरू होणारी, पुढे तीन हजार मीटरहून अधिक खोल जाणारी सागरतळावरची प्रचंड घळई आहे. इतका खोल समुद्र इतक्या जवळ असणे ही जगात दुर्मिळ गोष्ट आहे.

टागे स्कोग्सबर्ग या संशोधकाने १९२९ ते १९३३ या काळातील मोजमापांच्या आधारे या उपसागराचे वर्ष तीन ऋतूंत विभागले: थंड पाणी वर येण्याचा काळ, त्यानंतरचा शरदातला शांत, किंचित उबदार काळ, आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहणाऱ्या प्रवाहाचा काळ. पाणबुडे आजही कमीअधिक याच पंचांगाने चालतात. वर आलेल्या पाण्यातील क्षारांवर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांच्यावर बाकी सारे जीवन पोसले जाते. मात्र याच वनस्पतींमुळे पाणी हिरवट आणि गढूळ होते. म्हणजे समुद्र ज्या महिन्यांत सर्वांत सुपीक असतो त्याच महिन्यांत त्यातले सर्वांत कमी दिसते. कधी चार हातांपलीकडचा सोबतीही दिसेनासा होतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास वारे पडतात, पाणी निवळते. हिवाळ्यात दूरच्या वादळांतून आलेल्या लांब लाटा तळापर्यंत पाणी हेलकावतात आणि पुन्हा दारे बंद होतात.

एकाच दिवशीही सारा किनारा सारखा नसतो. मॉन्टरे बंदराच्या लाटारोधक बांधापाशी, सान कार्लोसच्या पुळणीवरून, नवशिके पहिली बुडी मारतात. तेथे बांधाचा आडोसा आहे. तेथून काही मैलांवर, कार्मेलच्या दक्षिणेस, मठासमोरची मोनॅस्टरी बीच आहे. तेथे भरड वाळूचा उतार एकदम पाण्यात कोसळतो आणि लाट अगदी काठावर येऊन फुटते. समुद्र शांत दिसत असतानाही येथे माणसे दगावली आहेत. स्थानिक लोक नावात थोडा बदल करून तिला 'मॉर्च्युअरी बीच' म्हणतात, ते विनोदाने नव्हे. पाण्याबाहेर येताना तेथे उभे राहायचे नाही, श्वासनळी तोंडातून काढायची नाही, हातापायांवर रांगत लाटेच्या कक्षेबाहेर यायचे, असा दंडक आहे. किनाऱ्यालगत केल्पचे, म्हणजे राक्षसी समुद्रशेवाळाचे, जंगल असते. अनुकूल परिस्थितीत ते दिवसाला फूटभराहून अधिक वाढते आणि पृष्ठभागावर त्याचे दाट छत पसरते. हवा संपत आलेल्या पाणबुड्याला या छतावरून सरपटत किनारा गाठावा लागतो.

या पाण्यात जीविकेसाठी पद्धतशीरपणे उतरणाऱ्या पहिल्या माणसांत जपानी होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेन्नोसुके कोदानी हा तरुण चिबा प्रांतातून कार्मेलजवळच्या पॉइंट लोबोस येथे आला. तेथील खडकांवर अ‍ॅबलोनी या मोठ्या शंखवर्गीय प्राण्यांची विलक्षण गर्दी होती. जमिनीचा मालक अलेक्झांडर अ‍ॅलन याच्याशी भागीदारी करून त्याने डबाबंदीचा कारखाना काढला आणि आपल्या मुलखातून पाणबुडे बोलावले. त्यांत 'आमा', म्हणजे श्वास रोखून बुडी मारणारे पारंपरिक पाणबुडेही होते. कॅलिफोर्नियाच्या थंडीपुढे ही परंपरा टिकली नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. बारा अंशांच्या पाण्यात उघड्या अंगाने दिवसभर काम करणे अशक्य होते. तेव्हा तांब्याचे शिरस्त्राण, जाड पोशाख आणि वरून पंपाने हवा पुरवणारी होडी ही पद्धत रूढ झाली. एका प्राचीन कौशल्याची जागा यंत्राने घेतली ती पाण्याच्या तापमानामुळे. हा व्यवसाय १९३० च्या आसपास आटोपला. १९४२ साली अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवले, त्यात मॉन्टरेचे जपानी कोळी आणि पाणबुडेही गेले. तीनच वर्षांनी 'कॅनरी रो' प्रसिद्ध झाली. किनाऱ्याच्या लोकप्रिय स्मृतीत डॉक अजरामर झाला. तळाशी उतरलेल्यांची नावे स्थानिक इतिहासकारांनी पुढे आणेपर्यंत मागेच राहिली.

डॉक या पात्रामागचा माणूस एड रिकेट्स. १९२३ साली तो शिकागोहून पॅसिफिक ग्रोव्हला आला आणि प्रयोगशाळांना प्राण्यांचे नमुने पुरवण्याचा व्यवसाय करू लागला. जॅक कॅल्विनच्या सहकार्याने त्याने लिहिलेले 'बिट्वीन पॅसिफिक टाइड्स' हे पुस्तक १९३९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केले. त्याची मांडणी साहित्याच्या विद्यार्थ्यानेही पाहण्यासारखी आहे. प्राण्यांची कुळे आणि वर्ग यांनुसार प्रकरणे पाडण्याची रूढ पद्धत सोडून रिकेट्सने किनाऱ्याच्या परिस्थितीनुसार प्रकरणे पाडली: उघडा खडकाळ किनारा, आडोशाचा किनारा, वाळू, चिखल, धक्क्यांचे खांब, आणि प्रत्येक ठिकाणी भरती-ओहोटीच्या पातळ्या. प्राणी कोणत्या कुळातला यापेक्षा तो कोणाच्या शेजारी, किती लाटेत, किती वेळ पाण्याबाहेर राहतो याला त्याने अधिक महत्त्व दिले. लेखकाला वाङ्मयप्रकारात कोंबण्याऐवजी त्याच्या परिसरात वाचावे, असे म्हणणाऱ्या समीक्षेशी या दृष्टीचे नाते सहज जुळते. शास्त्रज्ञांनी सुरुवातीला या मांडणीबद्दल शंका घेतल्या होत्या. पुढे त्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

याच सुमारास मॉन्टरेचे सार्डिन कोसळले. आपल्याकडच्या तारलीच्या कुळातला हा मासा. त्यावर तो सारा रस्ता उभा होता. रिकेट्सने स्थानिक वृत्तपत्रात लिहून बेसुमार मासेमारीकडे आणि त्याबरोबरच पाण्याचे तापमान व सूक्ष्म जीव यांतील चढउतारांकडे लक्ष वेधले. १९४८ च्या मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेजवळच्या रेल्वे फाटकावर त्याच्या मोटारीला आगगाडीची धडक बसली आणि काही दिवसांत तो वारला. सार्डिनची संख्या माणसाच्या जाळ्याविनाही शतकानुशतके कमीजास्त होत आली आहे, हे पुढे सागरतळाच्या गाळातील खवल्यांवरून दिसून आले. म्हणजे उत्तर एकपदरी नव्हते, आणि रिकेट्सनेही ते तसे मांडले नव्हते.

रिकेट्सच्या मृत्यूनंतर चार-पाच वर्षांतच ओहोटीच्या खालचा प्रदेश सामान्य माणसाला खुला झाला. कुस्तो आणि गाग्नां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये सिद्ध केलेले श्वसनयंत्र अमेरिकेत पोहोचले होते, पण थंडीचा प्रश्न उरला होता. तो सोडवला बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने, १९५१-५२ च्या सुमारास. त्याआधी लॉस अलामोसला अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेल्या या माणसाच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. ऊब राखण्यासाठी अंग कोरडे असण्याची गरज नाही. कापडातच हवेचे बारीक बुडबुडे अडकवलेले असले तर ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. निओप्रीन या फेसाळ रबराचा ओला पोशाख यातून जन्मला. त्याचा व्यापारी प्रसार करणाऱ्यांपैकी जॅक ओनीलने १९५९ साली आपले दुकान सांताक्रूझला, म्हणजे मॉन्टरे उपसागराच्याच उत्तर टोकाला, हलवले. आता विद्यार्थी, शिक्षक, कारकून रविवारी पाण्याखाली जाऊ लागले. १९६० साली पॉइंट लोबोसचे पाणी राखीव झाले. जमिनीवरच्या उद्यानाप्रमाणे पाण्याखालचा प्रदेशही राखावा, ही कल्पना अमेरिकेत तेव्हा नवीन होती.

या पाणबुड्यांनी जो समुद्र पाहिला तो मूळचा समुद्र होता काय? इतिहासाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न हाच आहे. कातड्याच्या व्यापारासाठी समुद्री पाणमांजरांची अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इतकी शिकार झाली की कॅलिफोर्नियात ती नष्ट झाली असे मानले जात होते. १९३८ साली बिग सुरच्या किनाऱ्याजवळ त्यांचा एक छोटा कळप लोकांच्या नजरेस आला. १९६० च्या दशकात पाणमांजरे मॉन्टरेला परतली. ती अ‍ॅबलोनी खातात, तसेच केल्पची मुळे कुरतडणारे काटेरी समुद्री अर्चिनही खातात. त्यामुळे केल्प वाढले आणि उथळ पाण्यातले अ‍ॅबलोनी खडकांच्या कपारींत उरले. जुन्या पाणबुड्यांना हा समुद्राचा ऱ्हास वाटला. पण कोदानीला दिसलेली ती अ‍ॅबलोनींची गर्दी हीच मुळात पाणमांजरे मारली गेल्याचा परिणाम होती. प्रत्येक पिढी आपल्या पहिल्या बुडीत दिसलेला समुद्र हाच खरा समुद्र समजते. वाङ्मयीन सुवर्णयुगांच्या आपल्या कल्पना याहून फार वेगळ्या रीतीने बनतात असे नाही.

स्मृतीवर अवलंबून न राहणारा पुरावा म्हणूनच मोलाचा ठरतो. पॅसिफिक ग्रोव्हच्या हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्रात १९१९ पासून किनाऱ्यावरील पाण्याचे तापमान नोंदवले जात आहे. तेथेच विलिस ह्यूएट या विद्यार्थ्याने १९३१ ते १९३३ या काळात खडकावर एक सरळ रेषा आखून, चौरस यार्डाच्या तुकड्यांत, प्रत्येक प्राणी मोजला आणि रेषेच्या खुणेसाठी पितळी खिळे ठोकून ठेवले. साठ वर्षांनी ते खिळे पुन्हा सापडले आणि त्याच चौकटी पुन्हा मोजल्या गेल्या. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखवले की दक्षिणेकडच्या उबदार पाण्यातील बहुतेक जाती वाढल्या होत्या, उत्तरेकडच्या कित्येक घटल्या होत्या आणि किनाऱ्यावरील पाण्याचे सरासरी तापमान सुमारे पाऊण अंशाने वाढले होते. ह्यूएटला यातले काहीच सिद्ध करायचे नव्हते. त्याने फक्त नेटकी नोंद करून ठेवली होती.

त्यानंतरचे बदल अधिक वेगाने झाले. २०१३ पासून तारामाशांना अंग झडून मारणारा रोग पसरला. त्यामागचा जिवाणू २०२५ साली ओळखला गेला. अर्चिन खाणारा मोठा सूर्यफुली तारामासा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्रात उष्णतेची लाट आली. अर्चिन माजले, उत्तर कॅलिफोर्नियातील केल्पची जंगले नव्वद टक्क्यांहून अधिक गेली. मॉन्टरेत चित्र तुकड्यातुकड्यांचे झाले: एके ठिकाणी जंगल, त्याला लागूनच अर्चिनांनी भरलेला उजाड खडक. पाणमांजरे उपाशी, पोकळ अर्चिनांना हात लावत नाहीत. जंगलातले भरलेले अर्चिन खातात. म्हणून उरलेली जंगले त्यांनी टिकवली, उजाड झालेली मात्र त्यांना परत आणता आली नाहीत.

ज्या थंडीने आमांना परत फिरवले, ब्रॅडनरला कामाला लावले आणि अजूनही मोनॅस्टरीच्या पाण्यातून बाहेर येणाऱ्याचे ओठ निळे करते, तिच्यावरच हे सारे जीवन उभे आहे. पाणी उबदार झाले तर बुडी सोपी होईल आणि पाहण्यासारखे थोडेच उरेल. आज स्वयंसेवक पाणबुडे शिकवलेल्या पद्धतीने केल्पचे बुंधे, अर्चिन, मासे मोजून पाटीवर लिहून आणतात. खोली, तापमान, किती अंतरापर्यंत दिसले, हेही लिहितात. वाचायला ते गद्य रुक्ष आहे. पण ह्यूएटच्या वहीसारखे तेही कोणीतरी साठ वर्षांनी उघडेल, आणि त्या वेळी मॉन्टरेचा समुद्र कसा होता हे सांगायला स्टाइनबेकची कादंबरी पुरी पडणार नाही.